कमरेचा पोचा

रंगाला धक्का न लावता गाडीचे पोचे काढण्यात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता. पत्र्यामागे वाकडी सळई घालायची, पत्र्यावर पट्ट्यांच्या दिव्याचं प्रतिबिंब पाडायचं आणि जपून रेटत राहायचं. पट्ट्या सरळ दिसल्या की पोचा गेला.

अख्ख्या गावाच्या गाड्या गुळगुळीत केल्या, पण स्वतःच्या गाडीच्या मागच्या दारावर बशीएवढा पोचा तसाच ठेवला. काकूंच्या दोन्ही हातांत कायम पिशव्या. दार त्या कमरेने लावायच्या. काकू गेल्या, पोचा राहिला. गाडीत बसण्याआधी काका त्यावर तळहात टेकवत. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

जावई त्यांच्याकडेच काम शिकत होता. त्याने काढलेला प्रत्येक पोचा टेंगूळ होऊन बाहेर यायचा. त्या सकाळी मात्र तो गॅरेजच्या दारातच नाचत होता.

"बाबा, डोळे मिटा!"

"का? कोणाची गाडी ठोकलीत?"

"आता उघडा!"

काकांनी दिवा धरला. त्यांच्याच गाडीच्या मागच्या दारावर पट्ट्या सरळसोट. तोंडातून आधी "वा!" निघालं आणि मग ते तळहाताने दार चाचपू लागले.

"आवडलं नाही?"

"झकास झालंय हो. आता परत पाडा."

"काय?"

"पोचा! तुमच्या सासूबाईंची कंबर होती ती!"

जावयाचा चेहरा एवढासा झाला. त्याने मुकाट्याने हातोडी उचलली.

"ठेवा ती खाली! हातोडीने खड्डा पडेल, कंबर नाही पडणार. पत्रा ताणलेला आहे. नेमक्या जागी धक्का बसला की टुपकन आत जाईल. फिरा पाठमोरे."

जावयाने कंबर मारली. दार नुसतं खडखडलं.

"सरका, काडीपैलवान," म्हणत काका लांबून धावत आले, दारावर आपटले आणि उसळून थेट चिंध्यांच्या ढिगात बसले. शेजारचा टायरवाला पोट सावरत आला. "मी बघू का?"

"खबरदार! गाडी उलटी होईल!"

एक गिऱ्हाईक मघापासून दारात उभं होतं. दोन बाप्ये आळीपाळीने गाडीला ढुंगण मारताहेत हे बघून ते म्हणालं, "चालू द्या, मी नंतर येतो." काकांना असं हसू फुटलं की ढिगातून उठवेना. काकू गेल्यापासून ते असे हसले नव्हते.

मग लेक आली. "बाबा, कालच्या माझ्या पिशव्या गाडीतच राहिल्या. आणि हे काय चाललंय? वेड लागलंय का तुम्हाला?" बडबडतच तिने दार उघडलं, दोन्ही हातांत पिशव्या घेतल्या आणि कमरेने दार लोटलं.

टुप्.

काका ढिगातून ताडकन उठले.

"अगं बाई! बाबा, चुकून हं! आई अशीच लावायची ना, तीच सवय…"

काकांनी दिवा धरला. पट्ट्या गोल वाकल्या होत्या, बशीएवढ्या.

जावई डोळे बारीक करून म्हणाला, "बोटभर वर आलाय. सळईने खाली घेऊ?"

"सळईला हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे! आईपेक्षा उंच आहे ती. वरच येणार."

त्यांनी पोच्यावर तळहात टेकवला. मग दार सताड उघडलं आणि लेकीकडे वळले.

"नीट लागलं नव्हतं गं. परत लाव बघू."