बोर्डावरची पुढची जागा

उत्तरेश्वरांच्या घरात कुठलीही वस्तू विकत येण्याच्या दोन-तीन महिने आधीच राहायला येते. फ्रिजच्या वेळी असंच झालं होतं, आणि गाडी घेताना तर कल्याणीला स्वप्नातसुद्धा मायलेज ऐकू यायचं. या दिवाळीनंतर जो पाहुणा येऊन बसला तो होता सर्फबोर्ड. तोही साधा नाही, उभं राहून वल्हवायचा. कोथरूडच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जिथून समुद्र बघायचा तर घाट उतरून जावं लागतं, सकाळच्या चहाबरोबर बोर्डाची लांबी निघायची, दुपारी रुंदी, आणि रात्री घास हातात धरून तो किती वजन तरंगवेल याची चर्चा. कल्याणी ऐकून घ्यायची. इतक्या वर्षांच्या संसारात कान तिकडे आणि डोकं इकडे ठेवायची विद्या तिला चांगली अवगत झाली होती.

उत्तरेश्वर मूळचे लातूरकडचे. तिकडे पोहायला शिकायचं तर आधी विहिरीला पाणी असावं लागतं. नोकरीनं त्यांना चेन्नईच्या गाड्यांच्या कारखान्यात नेऊन टाकलं, आणि चाळिशी ओलांडल्यावर हा गृहस्थ तिथल्या कोळ्यांच्या पोरांकडून लाटेवर उभं राहायला शिकला. बोर्ड घेतला तो साडेनऊ फुटी. लांब बोर्डावाल्यांचं एक घराणं असतं, आणि सगळ्या घराण्यांना असतो तसा त्यांनाही ताठा असतो. लाटेवर कमीत कमी हालचाल करायची, एकेक पाऊल टाकत बोर्डाच्या पुढच्या टोकापर्यंत चालत जायचं, आणि तिथं हात खाली सोडून असं उभं राहायचं की जणू गच्चीत हवा खायला आलोय. आखूड बोर्डावर इकडून तिकडे वळणाऱ्या पोरांना उत्तरेश्वर ‘वळवळे’ म्हणायचे. कल्याणी तेव्हा वाळूत बसलेली असायची. तिच्या ओच्यात त्यांचा चष्मा आणि गाडीची किल्ली.

पुण्याला राहायला आले आणि गुडघ्यांनी संप केला. पालथं झोपून एका झटक्यात उभं राहणं, ज्याच्यावाचून सर्फिंग होतच नाही, ते डॉक्टरांनी बंद करून टाकलं. साडेनऊ फुटी बोर्ड तिकडेच कुणाला तरी देऊन झाला होता. मग बरेच दिवस हा माणूस टीव्हीवर परदेशातल्या लाटा बघत बसायचा, आणि मध्येच म्हणायचा, “चुकला. घाई केली त्यानं.” 

अशात कुणीतरी सांगितलं की पानशेतच्या वाटेवर धरणाच्या पाण्याकाठी शेफाली नावाची एक मुलगी वल्हवायचे बोर्ड भाड्यानं देते. तिचा बोर्ड अकरा फुटी, चांगला ऐसपैस. त्यावर आधी गुडघ्यावर बसायचं, मग सावकाश उभं राहायचं, हातात लांब दांड्याचं वल्हं. झटका नाही की धडपड नाही. पहिल्याच रविवारी उत्तरेश्वर पाच मिनिटांत उभे राहिले, आणि काठाकडे बघून अगदी सहज म्हणाले, “पुढं जागा आहे. बसतेस का?”

कल्याणी बसली. मांडी घालून, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून, पाण्याकडे तोंड करून. ती डेक्कनच्या तलावावर पोहायला शिकलेली, तेव्हा भीती अशी नव्हतीच. त्यानंतर दर रविवारी ती पुढे आणि ते मागे. घरी दोघांचं बोलणं गीझर, गोळ्या आणि मुलाचा फोन आला का, एवढ्यावर येऊन ठेपलं होतं, आणि त्यातही दर तिसऱ्या वाक्याला ठिणगी. बोर्डावर बोलायचंच नसायचं. मागे वल्ह्याचा आवाज, पुढे डोंगर, आणि आपण कुठेतरी नेले जातोय एवढंच. तिला ते फार आवडायचं. आठवडाभरात आपल्याला मनापासून हवी असलेली ही एकच गोष्ट आहे, हे तिनं स्वतःशी कबूल केलं होतं, नवऱ्याशी नाही.

आता घोडं अडलं होतं ते असं. उत्तरेश्वरांना पुन्हा एकदा लाट हवी होती. एकच का होईना, पण कोकणातली, खरी. अकरा फुटी बोर्ड तळ्यावर राजासारखा चालतो, पण लाटेत तो म्हणजे निव्वळ पलंग. वळत नाही, आणि उलटला तर डोक्यात बसतो. शिवाय तो सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावणार नाही, आणि पार्किंगमध्ये ठेवला तर सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिणार, ‘पार्किंग वाहनांसाठी आहे. होड्यांसाठी खडकवासला आहे.’ म्हणून साडेआठ फुटी घ्यावा असं त्यांच्या मनात होतं. शेफालीनं गोव्याच्या ओळखीतून एक वापरलेला मिळवला होता. तो जमला नाही तर अकरा फुटी विकायलाही ती तयार होती. रविवारी दोन्ही पाण्यात घालून काय ते ठरवायचं होतं.

“पण आखूड म्हणजे वळवळ्यांचा ना?” कल्याणीनं विचारलं.

“अगं, हा वेगळा. जाड असतो, रुंद असतो. माझं वजन सहज घेईल. तुला काय वाटतं?”

“बोर्ड तुमचा, गुडघे तुमचे. मला विचारून शेवटी व्हायचं तेच होणार.”

मोबाइलवर त्यांनी फोटो दाखवला तेव्हाच तिनं नजरेनं मापून घेतलं होतं. माणूस मध्यावर उभा राहिला की पुढे जेमतेम पाटाएवढी जागा, आणि त्या पाटावर कुणी बसलं की दोघंही पाण्यात. लांबी, रुंदी, जाडी, वजन, सगळं घोकणाऱ्या या माणसाच्या हे लक्षातही आलं नव्हतं. आपण होऊन सांगायचं नाही असं तिनं ठरवलं. पीएमटीच्या बसमध्येसुद्धा ती कधी कुणाला ‘सरका’ म्हणाली नव्हती; नुसती बघायची, आणि लोक सरकायचे. पण या वेळी बघून काही उपयोग होत नव्हता, कारण समोरच्याचे डोळे फोटोवर होते. आठवडाभर ती भांडी जरा जोरात ठेवत राहिली.

रविवारी सकाळी पाणी अगदी निवांत होतं. शेफालीनं दोन्ही बोर्ड काठावर आडवे ठेवले होते. शेजारी शेजारी पडलेले बघितल्यावर आखूड बोर्ड आणखीच आखूड दिसत होता.

“काका, आधी याच्यावर जा,” शेफाली म्हणाली. “पण एक सांगते हां, हा थोडा नर्व्हस बोर्ड आहे. शांत नाही बसत.”

“मी लाटेवर चौदा वर्षं काढलीत,” उत्तरेश्वर म्हणाले.

ते उभे राहिले, हे मान्य करायला हवं. चार वल्ही मारली, बोर्डाला थोडा वेग आला, आणि मग घराण्याची सवय उफाळून आली. वल्हं त्यांनी पाण्यातून वर काढलं, भाल्यासारखं हातात धरलं, छाती पुढे केली आणि स्थिर उभे राहिले. एवढंच करून थांबले असते तरी ठीक होतं. पण जुन्या हौसेनं त्यांनी टोकाकडे एक पाऊल टाकलं. लांब बोर्डावर पुढे चालायला अंगण असतं. इथं दुसरं पाऊल ठेवायला काही नव्हतंच. बोर्डानं नाक पाण्यात खुपसलं आणि काका त्याच्यावरून थेट तळ्यात गेले.

वर आल्यावर म्हणाले, “वारा आला मध्येच.”

काठावरच्या झाडाचं पानही हललं नव्हतं. “नाचता येईना...” एवढंच म्हणून कल्याणीनं थर्मास उघडला.

“काका, चालायचं नाही,” शेफाली ओरडली. “आणि वल्हं पाण्यातच ठेवा. तोच तुमचा आधार आहे. थांबलात की पडलात!”

ते पुन्हा चढले आणि पुन्हा पडले. चार-पाच वेळा हाच कार्यक्रम झाला. प्रत्येक वेळी चूक तीच: वेग आला की हात थांबायचे. इतक्या वर्षांत अंगी बाणलेला तो ऐटबाज आळस एका सकाळीत कसा जाणार? कल्याणीला वाटायला लागलं, नाही जमणार यांना. आणि तिला बरं वाटलं. नवरा पाण्यात गटांगळ्या खातोय आणि आपल्याला बरं वाटतंय, याची थोडी लाजही वाटली, पण आधी बरं वाटलं हे खरंच.

मग कधीतरी त्यांना ते जमलं. पाय शेजारी शेजारी, गुडघे जरासे सैल, वल्हं सतत पाण्यात. बोर्ड पायाखाली डुगडुगत होता आणि ते त्याच्याबरोबर डुगडुगत होते. एकदा मागे वजन टाकून त्यांनी तो गर्रकन जागच्या जागी फिरवला, काठाकडे तोंड केलं, आणि हसले.

ते हसणं बघून कल्याणीच्या हातातला कप तसाच राहिला. इतके रविवार ती त्यांच्या पुढे बसत होती, पाण्याकडे तोंड करून. मागे त्यांचा चेहरा कसा असतो हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आता समोरून दिसला. केस कपाळावर चिकटलेले, चष्मा नाही, आणि वय दहा-पंधरा वर्षं कुठंतरी टाकून आलेलं. अकरा फुटी बोर्डावर हा चेहरा नसणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. आपल्याला फिरवून आणणाऱ्या माणसाचा चेहरा फार तर समाधानी असेल. तिला त्यांचा आनंद झाला आणि भयंकर रागही आला, दोन्ही एकदमच.

उत्तरेश्वर धापा टाकत काठाला आले. “घ्यायचा ना? काय म्हणतेस? घेऊया?”

“आणि मी कुठं बसू?”

आठवडाभर दाबून ठेवलेलं असं एका क्षणात बाहेर पडलं. शेफाली उगीचच दोरीची गाठ तपासायला लागली. उत्तरेश्वरांनी बोर्डाकडे बघितलं, मग बायकोकडे, मग पुन्हा बोर्डाकडे. त्याच्या पुढच्या टोकाशी त्यांची नजर जरा थांबली. खरोखरच, या माणसाच्या मनात हे आलंच नव्हतं.

“तुला आवडतं पुढं बसायला?” त्यांनी विचारलं.

“नाही, मी दर रविवारी पहाटे उठून डबा करते तो वैतागून.”

“अगं, मग बोलायचंस ना.” मग खांदे पाडून म्हणाले, “ठीक आहे. लांबच घेऊ. लाटेचं काय, आता या वयात...”

त्यांचं मन साफ होतं, यात शंका नाही. पण सांगताना चेहरा असा झाला होता की देवळाच्या पेटीत मोठी नोट टाकतायत आणि मागे रांगेत लोक बघतायत. कल्याणी उठून उभी राहिली.

“मला नको तुमचा त्याग. जन्मभर तोंडी लावायला घ्याल तो. पापड मोडला तरी म्हणाल, मी लाट सोडली.”

“मग करायचं काय?”

“तुमचा आखूड घ्या.” ती शेफालीकडे वळली. “हा लांबवाला दर रविवारी भाड्यानं मिळेल ना?”

“मिळेल की, काकू. पण चालवणार कोण?”

“इथं आणखी कोणी दिसतंय का तुला?”

शेफालीनं एक वल्हं तिच्या उंचीला बसवून दिलं, पायाला दोरी बांधली आणि बोर्ड कमरेएवढ्या पाण्यात धरून ठेवला. कल्याणी चढली आणि सवयीनं पुढच्या जागेवर जाऊन बसली. बोर्डाचं शेपूट लगेच वर उचललं गेलं.

“काकू, मध्ये या. आता मागे कोणी नाहीये.”

ती गुडघ्यांवर सरकत मध्यावर आली. आधी गुडघ्यावरूनच चार वल्ही मारली. मग एक पाय, मग दुसरा. उठताना बोर्ड इंचभर इकडे, इंचभर तिकडे झाला, आणि ती उभी राहिली. उभ्यानं डोंगर वेगळेच दिसत होते, आणि पाणी बरंच खाली वाटत होतं. मागून वल्ह्याचा आवाज येत नव्हता. ते तिला फार जाणवलं. सगळ्यात जास्त तेच. आणि मग तिनं स्वतःचं वल्हं पाण्यात घातलं.

“थांब, मी येतो बरोबर!” उत्तरेश्वर आपल्या आखूड बोर्डावर चढून निघाले. त्यांची समजूत अशी की आखूड बोर्ड म्हणजे चपळ, तेव्हा दोन मिनिटांत गाठू. लाटेत ते खरंही ठरलं असतं. सपाट पाण्यावर मात्र आखूड बोर्ड सरळ जायचं नाव घेत नाही. डाव्या हाताला एक वल्हं मारलं की नाक उजवीकडे, उजव्या हाताला मारलं की डावीकडे. नऊवारी सावरत चिखलातून चालावं तसं त्यांचं चाललं होतं. अकरा फुटी मात्र एकदा लोटला की सुतात जातो. कल्याणीला वल्हवता येत नव्हतं, तरी तो जात होता.

“कल्याणी, अगं थांब! सावकाश!”

तिनं मागे वळून बघायचा विचार केला, पण मान वळवली तर पडू असं वाटलं.

“थांबवायचा कसा हे नाही शिकवलं शेफालीनं,” ती समोर बघतच ओरडली, आणि आणखी एक वल्हं मारलं.