सुईवर ध्यान

आमच्या धुलाईखान्यात दवाखान्याच्या चादरी येतात त्या गाठोड्यांत. वॉर्डातल्या कुणीतरी नाक दाबून चार टोकं बांधलेली आणि खाली तळघरात ढकलून दिलेली. गाठ सोडायचं काम आमचं. आत काय निघेल याचा नेम नसतो. रक्त, ओकारी, शी, पू लागलेला कापूस. एकदा तर कुणाची तरी कवळी निघाली, हसतमुख. अकरा वर्षं झाली, पण माझी शिसारी काही मेली नाही. सवय होते म्हणणाऱ्यांनी एक दिवस येऊन बघावं.

एका मंगळवारी माझ्या धाकट्या जावेनं एक गाठ सोडली आणि "आई गं" म्हणून हात मागे घेतला. चादरीत वापरलेली सुई होती. हातमोजा कसला, कांद्याचं साल बरं! तिला पाचवा महिना आहे. रक्त तपासलं, पण सहा आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही म्हणाले. तोवर गोळ्या. त्या गोळ्यांनी तिच्या पोटात पाणी ठरत नाही.

मी धुलाईखान्याच्या साहेबांकडे गेले. दोनच गोष्टी मागितल्या: जाड हातमोजे द्या आणि सुया वॉर्डातच वेगळ्या काढायला सांगा. मागणी नवी नव्हती, तिसऱ्यांदा लिहून देत होते. साहेबांनी कागद पेपरवेटखाली सरकवला.

"तुम्ही सगळ्या फार ताणात आहात," ते म्हणाले. "मी काहीतरी करतो."

केलं. सोमवारी सकाळी एक बाई पाठवल्या. आम्ही त्यांचं नाव लगेच शांतीबाई ठेवलं. पांढरेशुभ्र कपडे, अत्तराचा घमघमाट आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्यावर साय धरलेली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच.

त्यांनी आम्हा नऊ जणींना टेबलाभोवती बसवलं. "एकच शब्द घ्यायचा," शांतीबाई म्हणाल्या, "आणि श्वासाबरोबर मनात म्हणत राहायचा. आजचा शब्द आहे, स्वीकार. जे येईल ते आपलं म्हणायचं."

जे येईल ते! शेजारी सकाळची अठरा गाठोडी रचलेली आणि सगळ्यात खालच्यातून काहीतरी पिवळं फरशीवर झिरपत होतं. त्यात ते अत्तर मिसळलं. पण मला मळमळलं ते वासानं नाही, वासाशी माझी जुनी ओळख आहे. किळस आली ती त्या शब्दाची. धाकटीनं तर इमानदारीनं डोळे मिटले होते, ओठ हलत होते. स्वीकार, स्वीकार. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तो शब्द टाकून दिला आणि डोळे मिटून माझा घेतला. श्वास आत, सुई. श्वास बाहेर, सुई.

खोटं कशाला बोलू, लागलं की हो ध्यान! आधी साहेब दिसले, तो पेपरवेट दिसला, त्यांना हासडायच्या शिव्या आठवल्या. मग एकेक गळत गेलं. उरली फक्त सुई आणि धाकटीचं बोट. पंधरा मिनिटांनी डोळे उघडले तेव्हा डोकं थंड होतं आणि काय करायचं ते मला नीट कळलं होतं.

"कसं वाटतंय?" शांतीबाईंनी नेमकं मलाच विचारलं.

"छान. अगदी शांत." मी वरचं गाठोडं उचलून त्यांच्यापुढे ठेवलं आणि माझे हातमोजे काढून त्यावर ठेवले. "आता ही गाठ तुम्ही सोडा. शब्द म्हणत म्हणत."

त्यांनी रुमाल नाकाला लावला. "अहो, हे माझं काम नाही!"

"मग ज्यांनी तुम्हाला पाठवलं त्यांना बोलवा."

साहेब तणतणत आले. "वर चादरी कमी पडतायत आणि तुम्ही बसून काय राहिलात?"

"एक गाठ सोडा, साहेब. एकच. बाकीच्या सतरा आम्ही सोडतो."

कुणी हललं नाही. साहेबांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि हात पुढे केला, खरंच केला. बोटं गाठीला टेकली आणि थांबली. ओलं लागलं असावं. त्यांनी हात पॅन्टला पुसला, मग पुन्हा पुसला. परदुःख शीतळ, ते आपल्या बोटाला लागेपर्यंत. त्याच हातानं त्यांनी वॉर्डांना फोन लावला.

दुपारी वॉर्डातली माणसं चिमटे घेऊन खाली आली आणि आमच्यादेखत सगळी गाठोडी उघडली. चार सुया निघाल्या. शांतीबाईंनी मात्र जाताना आमच्या हजेरीच्या वहीत लिहिलं होतं, 'सत्र यशस्वी.'

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, जाड हातमोजे आले, कोपरापर्यंतचे. धाकटीनं ते चढवले, हात उलटेसुलटे करून बघितले आणि पुन्हा काढून ठेवले.

"ताई," ती म्हणाली, "अजून पाच आठवडे आहेत. तो बाईंचा शब्द माझ्याच्यानं म्हणवत नाही. तुमच्याकडे दुसरा एखादा आहे का?"

मी तिचं बोट हातात घेतलं. टोचल्याची खूणसुद्धा राहिली नव्हती. खूप शोधलं, पण तिला देण्यासारखा एकही शब्द मला सापडला नाही.