कुंदाची छत्री, मार्तंडची डाळ

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत गच्चीवर सोलर कुकर ठेवणारा मार्तंड हा पहिलाच माणूस. कमिटीचं म्हणणं, शेवटचाही तोच असावा. कुकर म्हणजे काय, तर आतून काळी पत्र्याची पेटी, वर काचेचं झाकण आणि ऊन पाडायला आरसा.

सेक्रेटरी भाऊरावांनी अट घातली, "रविवारी दुपारी एकपर्यंत तूरडाळ शिजली तर पेटी राहील. नाहीतर भंगारवाला."

मार्तंडनं छाती फुगवून हो म्हटलं. त्याची बायको कुंदा मात्र हिशेब करू लागली. घरातला गॅस संपलेला, नंबर लावून पंधरा दिवस झालेले, रॉकेलचा टिपूस नाही. डाळ शिजली नाही तर पेटीही जाणार आणि जेवणही.

रविवारी आभाळभर पांढरी पिसं पसरलेली. भाऊराव खूश!

"मार्तंडा, वाट लागली रे तुझी! ढग आले."

"ते बर्फाचे ढग आहेत, भाऊराव. खूप उंचावरचे. एकदम पातळ."

"बर्फ? मे महिन्यात? मुलुंडवर?"

"बारीक कण असतात हो. ऊन खाली येऊ देतात, पण जमिनीची ऊब वर निघाली की अडवतात. या काचेसारखंच. हे बघा ना—" म्हणत त्यानं झाकण उघडून काच दाखवली. आतली गरम हवा भसकन बाहेर.

"म्हणजे आपल्याला उकडतं ते यांच्यामुळे?"

"थोडंफार. खालचे जाडे ढग उलट. ते ऊनच परत पाठवतात, गारवा देतात."

"मग ठराव करू. सोसायटीवर फक्त जाडे ढग चालतील."

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या शांताबाई धापा टाकत वर आल्या. "शिजली का रे?"

"नाही अजून. पण काकू, समजा हे झाकण म्हणजे ढग—" झाकण पुन्हा वर!

मग जो येईल त्याला झाकण उघडून हवामान. डाळ बिचारी तापायची आणि व्याख्यान सुरू झालं की गार पडायची.

कुंदा ताटं आणि भाताचं पातेलं घेऊन वर आली. तिनं एकदा डाळीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

"अहो, बाजारातून लिंबं आणा."

"आत्ता? अगं, प्रयोग चाललाय!"

"म्हणूनच."

तो उतरला तशी तिनं गच्चीच्या दाराला आपल्या बाजूनं कडी घातली, पेटीशेजारी स्टूल मांडलं आणि छत्री उघडून बसली. भाऊरावांचा हात झाकणाकडे सरकला.

"भाऊराव, झाकणाला जो हात लावेल त्याच्याकडे आज आम्ही दोघं जेवायला."

भाऊरावांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. हात एक वाजेपर्यंत तिथेच राहिले.

एक वाजता कुंदानं झाकण उचललं. भाऊरावांनी डाळीचा दाणा बोटांत धरला. धरला कसला, तो पार विरघळला. त्यांनी दुसरा शोधला. दुसरा सापडेचना, सगळं एकजीव.

"शिजली," ते कसेबसे म्हणाले. आणि ताट पुढे केलं.

कुंदानं एवढा मोठा श्वास सोडला की छत्री हलली. मग डाळ बाहेर काढून तिनं भाताचं पातेलं पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं.

दार धडाधडा वाजलं. "अगं, शिजली का?"

"शिजली!"

"पेटी राहिली?"

"राहिली!"

"मग कडी काढ ना!"

"थांबा जरा," कुंदा वाढता वाढता म्हणाली. "पेटीतला भात अजून व्हायचाय."