म्हातारी म्हणा, पण टकटक माझी नाही

"काका, तुम्हाला खरंच काही कळलंय, की नुसती ठोकाठोक चाललीय?"

भर गॅरेजमध्ये, सगळ्यांदेखत मेकॅनिककाकांना हा प्रश्न विचारला गेला आणि मित्रांनो, आनंदाने माझे वायपर आपोआप हलायचे तेवढे बाकी राहिले. विचारणारी होती चिमटी, माझ्या मालकांची मुलगी, इयत्ता नववी. तिच्या मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, "एवढी तोंडाळ आहेस ना? मग विचारून दाखव!" आणि आता त्या समोरच्या फुटपाथवर तोंडावर हात दाबून उभ्या होत्या.

थांबा, आधी माझी ओळख करून देते. मी एक जुनी व्हॅन आहे. जुनी म्हणजे जुनीच, त्यात लाजायचं काय? कारखान्यातल्या लांबच लांब रांगेतून पुढे सरकत सरकत माझा जन्म झाला. कुणी दार बसवलं, कुणी काच, आणि शेवटी कुणीतरी पाठीवर थाप मारून म्हणालं, "जा, पळ आता." तेव्हापासून मी पळतेच आहे.

मी लाँड्रीची गाडी. पहिल्याच दिवशी बाबांनी, म्हणजे चिमटीच्या बाबांनी, माझ्या पोटात आडवा लोखंडी दांडा ठोकला. त्याला रोज इस्त्रीचे कपडे लटकतात. वकिलांचे काळे कोट, हॉटेलच्या चादरी, बँडवाल्यांचे लाल डगले, सगळे माझ्या पोटात शेजारी शेजारी डुलत जातात. एकदा एका नवरदेवाचा सूट पोहोचवायचा होता. रस्ता बंद, गल्ल्या तुंबलेल्या. मी पोहोचले तेव्हा नवरदेव बनियनवर दारात उभा होता. त्याने आधी मला हात जोडले, मग बाबांना. हे बाबांना आवडलं नव्हतं, पण मला फार आवडलं.

चिमटी तर माझ्यातच वाढली. गाठोड्यांवर झोपली, गाठोड्यांवर बसून पाढे म्हणाली. कपड्यांच्या चिमट्यासारखी, एकदा धरलं की सोडत नाही, म्हणून तिचं नाव चिमटी. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हात वर करायलाही घाबरायची. यंदा काय झालंय कोण जाणे, तिची जीभ अशी सुटलीय की मलाच ब्रेक लावावासा वाटतो. पण लावणार नाही. सुटू दे.

या घराची एक खोड तुम्हाला सांगायलाच हवी. इथे काहीही मोडलं की एकच औषध, हँगरची तार! कपाटाची मूठ निघाली, बांधा तार. नळ हलतोय, बांधा तार. माझी मागची नंबरप्लेट, आरसा, सायलेन्सर, सगळं तारेवर. आई म्हणते, "उद्या माझा दात हलला तर तोही तारेनेच बांधाल."

आणि मग एके दिवशी टकटक सुरू झाली.

टक टक टक टक. सावकाश चालवलं की सावकाश, जोरात चालवलं की जोरात. चिमटीच्या मैत्रिणींनी माझं नाव 'टकटक एक्सप्रेस' ठेवलं. गिऱ्हाइकं म्हणायची, "बेल वाजवू नका, तुम्ही आलात ते कळतं." बाबा हसायचे, पण रात्री दुरुस्तीची बिलं मोजत बसायचे. मेकॅनिककाकांनी माझं तेल बदललं, प्लग बदलले, पट्टा बदलला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक माझ्या इंजिनावर आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून ते डोळे मिटून ऐकायचे. शेवटी निकाल लागला, "इंजिन आतून गेलंय. खोलण्यात अर्थ नाही."

रविवारी भंगारवाला येणार, असं बाबांनी ठरवून टाकलं. मला कुणी विचारलंही नाही. मित्रांनो, मी रडले नाही. मला राग आला! माझं काय चुकलं होतं? टकटक माझ्या इंजिनाची नव्हतीच. ओरडून ओरडून मी तेच सांगत होते, पण गाडीला कोण विचारतंय?

भंगारवाला येण्याआधी काकांचा एकदा शेवटचा कान लागावा, म्हणून बाबांनी मला गॅरेजमध्ये आणलं होतं. आणि तिथेच चिमटीने तो प्रश्न विचारला.

"चिमटे!" बाबा ओरडले. "मोठ्यांशी असं बोलतात?"

"बोलू द्या हो तिला," काका चिंधीला हात पुसत म्हणाले. "खरं सांगू का पोरी? निम्मं कळलंय, निम्मी ठोकाठोक. म्हाताऱ्या इंजिनात खुडखुड असतेच. हे बघ, बॉनेट उघडलंय. ऐक."

"ऐकतेच आहे. खुडखुड येतेय. टकटक कुठाय?"

"अगं, बॉनेट उघडलं की आवाज मोकळा होतो. पंख्याच्या घरघरीत दबतो."

"दबत नाही, बंद होतो! मी रोज पुढच्या सीटवर बसते, काका. माझा कान आहे तो. बाबा, बॉनेट लावा ना."

बाबांनी बॉनेट लावलं. टक टक टक टक. उघडलं. नुसती घरघर. पुन्हा लावलं. टक टक टक टक.

काकांनी सवयीने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. चिमटी कमरेवर हात ठेवून मध्ये उभी राहिली.

"इंजिनाला कान लावून काय होणार? बॉनेट उघडल्यावर इंजिन कुठे जातं का?"

"नाही. ते कुठे जाणार?"

"मग जागचं काय हलतं?"

काकांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली केला. "बॉनेट."

"मग बॉनेट बघा की! सगळे आपले खाली वाकून बघताय!"

तेव्हा कुठे, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, सगळ्यांनी मान वर केली.

माझ्या बॉनेटला आतून जाड नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचं, अस्तर आहे. मध्यंतरी ते लोंबायला लागलं होतं, आणि ते कुणीतरी बांधून टाकलं होतं. कशाने, ते सांगायला नकोच. तारेचं एक टोक लांब राहिलं होतं. बॉनेट लावलं की ते टोक बरोबर खाली पंख्याच्या पात्यांपर्यंत पोहोचायचं आणि प्रत्येक पातं त्याला टपली मारून पुढे जायचं. उघडलं की तार बॉनेटबरोबर वर! घासून घासून ते टोक चांदीसारखं चकाकत होतं.

काकांनी हळूच बाबांकडे बघितलं. "हे आपलंच काम का?"

"छे, छे, मी कशाला..." बाबा जवळ गेले. चष्मा पुसला. "पीळ मात्र माझाच दिसतोय."

गॅरेजमध्ये जो हशा उठला, तो फुटपाथपर्यंत गेला. सगळ्यात मोठ्याने मेकॅनिककाकाच हसले. पकडीने त्यांनी टोक कापलं, बॉनेट लावलं, मला सुरू केलं. घरघर, थोडी खुडखुड. बस.

"सुट्टीत येत जा पोरी शिकायला," काका म्हणाले. "पण कान आण, तोंड घरी ठेव."

"दोन्ही एकत्रच येतात, काका."

"बरं बाई, दोन्ही आण."

आता मित्रांनो, नीट ऐका. माझ्या पोटात खुडखुड आहे, मी नाकारत नाही. पण तुमच्या आजीचे गुडघे वाजतात ना? म्हणून तुम्ही आजीला भंगारात देता का? मला दया नको. एवढंच सांगते, एखाद्याला जुना ठरवायच्या आधी आवाज नक्की कुठून येतोय ते बघा. कधी कधी तो तुमच्याच हातच्या कामातून येत असतो.

पण गोष्ट इथे संपली नाही. संध्याकाळी मी दुकानासमोर उभी होते आणि आतलं सगळं मला ऐकू येत होतं. आई इस्त्रीच्या टेबलाला धरून हसत होती. "तारेनेच घात केला म्हणा!"

"हसू नकोस," बाबा म्हणाले. "भंगारवाल्याला शब्द दिलाय मी. टकटक गेली, पण गाडी जुनी ती जुनीच. उद्या आणखी काही निघेल, मग?"

आई हसायची थांबली. "तेही खरंच आहे म्हणा."

बाबा बोलता बोलता खुंटीवरचा एक मोडका हँगर काढून सरळ करत होते. माझा आरसा परत सैल झाला होता ना!

चिमटी दप्तर खाली टाकून दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय. ही गाडी कुठेही जाणार नाही. भंगारवाल्याला रविवारी मी स्वतः नाही म्हणून सांगणार. सुट्टी लागली की मी काकांकडे शिकायला जाणार, आणि उद्या हिचं काही निघालं तर आधी मी बघणार. आणि बाबा, ती हातातली तार आधी खाली ठेवा."