आरमारची वही

"काकी, गलबत बुडालं. पोहायला फासा किती लागतो?"

"चार," तांदळातला खडा बाजूला काढत सुगंधाबाई म्हणाल्या. "अंगावर चिलखत असेल तर सहा."

"चिलखत आहे ना."

"मग बूड मेल्या! चिलखत घालून दर्यात उतरतं कोण?"

भीमराजने फासा टाकला. तीन पडले. शुभा आणि धोंडिराम खो खो हसले आणि भीमराजचा तांडेल देवगडच्या खाडीत गेला तो गेलाच.

मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत दर रविवारी दुपारी हे असं चालायचं. खेळाचं नाव आरमार. सुगंधाबाईंच्या मुलाने, शिवदासने, कॉलेजात असताना तो रचला होता. होस्टेलवर कुणाकडे तरी अमेरिकेहून आलेलं एका खेळाचं पुस्तक त्याने पाहिलं. त्या खेळात पट नाही की सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं आणि अडलं की फासा टाकायचा. शिवदासने त्यातले राक्षस काढले, कोकणचा किनारा घातला आणि दोनशे पानी वहीत नियम लिहून काढले. लिहिले म्हणजे सुचतील तसे. पोहण्याचा नियम दारूगोळ्याच्या पानावर, दारूगोळ्याचा अर्धा नियम वैदूच्या पानावर आणि उरलेला समासात उभा.

पुढे शिवदास नोकरीला मस्कतला गेला. वही राहिली, दोस्त राहिले, आणि वहीत काय कुठे आहे ते ठाऊक असलेलं एकच माणूस राहिलं. सुगंधाबाई एकवीस वर्षं टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर होत्या. समोर डिरेक्टरी असायची, पण निम्मे नंबर तोंडपाठ. गुडघ्यांपायी नोकरी सोडली तरी कान तेच होते. निवडटिपण करता करता आरमार त्यांना आपोआप पाठ झालं.

"आमची वन नाइन सेव्हन," धोंडिराम चौकशीचा नंबरच त्यांना लावून म्हणायचा. सुगंधाबाई त्याला हातानेच गप्प करायच्या, पण त्यांना ते फार आवडायचं. मुलगा गेल्यापासून आठवड्यात कुणी त्यांना काही विचारायचं ते रविवारीच.

शहाऐंशी सालच्या गणपतीनंतर भीमराजला बोरिवलीला जागा मिळाली.

"काकी, तिकडे ऑफिसातले चौघं खेळायला तयार आहेत," तो म्हणाला. "पण ही वही म्हणजे वाट लागते यार. तुम्ही नीट लावून टाइप करून द्याल?"

"अशी लावा काकी," शुभा म्हणाली, "की मधेच कुणाला थांबून विचारायला नको."

"देते की," सुगंधाबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. ज्याला पुस्तकात सापडतं तो विचारायला कशाला येईल, हे कळायला त्यांना साखर घालेपर्यंतचाही वेळ लागला नाही.

तरी काम घेतलं ते घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी जुना टाइपरायटर पुसला. वहीच्या क्रमाने जाण्यात अर्थ नव्हता. चौकशीला फोन करणारा माणूस कधी डिरेक्टरीच्या क्रमाने विचारत नाही, तो त्याला अडलं असेल ते विचारतो. म्हणून त्यांनी पोरांनी आजवर विचारलेले सगळे प्रश्न आठवून चिठ्ठ्यांवर लिहिले आणि त्या पलंगभर मांडल्या. जहाज बुडालं, जखम झाली, शिधा संपला. खेळात संकट ज्या क्रमाने येतं त्या क्रमाने पानं लावली. खेळणाऱ्याला लागणारं सगळं पुढे, गोष्ट सांगणाऱ्याचं मागे, आणि शेवटी अकारविल्हे यादी.

एकच लबाडी केली. पोहण्याचा नियम होता तिथेच, दारूगोळ्यात, राहू दिला आणि यादीतूनही गाळला. एवढं एक तरी विचारतील, असं त्यांना वाटलं. दोन दिवस तो कागद तसाच होता. तिसऱ्या दिवशी मात्र घास गोड लागेना. एकवीस वर्षांत चुकून गेला असेल तो गेला, पण जाणूनबुजून त्यांनी कुणाला नंबर चुकवून दिला नव्हता. हात धुतले आणि पान अकरा नव्याने टाइप केलं. वर ठळक अक्षरांत: 'पोहणे'. मग यादी.

पुस्तक शिवून दिलं त्या रविवारी तिघंही होते आणि चार तास खेळ झाला. वाटेत एकदाही कुणी अडलं नाही.

"काकी, झकास!" धोंडिराम पानं चाळत म्हणाला. "शिवदासच्या वहीपेक्षा भारी."

सुगंधाबाईंना अभिमान वाटला आणि रडूही आलं. त्यांनी सगळ्यांना आणखी पोहे वाढले.

दिवाळीनंतर खेळ बोरिवलीला गेला. भीमराजची जागा मोठी, शिवाय शुभा आणि धोंडिरामलाही तेच सोयीचं. 'येत जा हां काकी,' असं तिघंही म्हणाले आणि मनापासून म्हणाले. पण गुडघे घेऊन मुलुंडहून बोरिवलीला कोण जाणार? दुपारी जेवण झालं की सुगंधाबाई खात्याकडून मिळालेला फोन स्टुलावरून उचलून खुर्चीशेजारी ठेवायच्या आणि तांदूळ निवडायला बसायच्या.

पौषातल्या एका रविवारी तो वाजला.

"काकी, भीमराज बोलतोय! गलबत बुडालंय. पोहायला फासा—"

"अरे," सुगंधाबाई सरसावून बसल्या, "आधी सांग, अंगावर—"

"सापडलं रे!" मागून शुभाचा आवाज आला. "पान अकरा!"

"सापडलं, काकी! ठेवतो हां, माझीच पाळी आहे."

फोन बंद झाला. सुगंधाबाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला.

"पान अकरा. बरोबर," त्या म्हणाल्या.

मग उठून त्यांनी फोन परत स्टुलावर नेऊन ठेवला आणि त्याची वायर नीट गुंडाळून भिंतीशी सारली.