वास गेला म्हणजे स्वच्छ

मी फवारणीवाल्याचा सदरा बोलतोय. बोलायला उशीर झाला, हे मला कळतं.

मला शिवलं त्याच्या बायकोनं. शिवणकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा फुलांच्या काचघरात किडीचं औषध फवारायला लागला, तेव्हा तिनं जाड कापड आणलं, बाह्या मनगटापर्यंत ठेवल्या, गळ्याशी एक बटण जास्तीचं लावलं. "यांच्या अंगावर थेंब पडायला नको," म्हणाली. मला केवढा अभिमान वाटला होता.

काचघरात कपडे धुण्याची खोली होती, मशीनसुद्धा. पण तिचं कुलूप फक्त तपासणीच्या दिवशी निघायचं. एरवी मुकादम म्हणायचा, "घरीच धुवा की. पाण्यासारखं असतं ते, धुतलं की गेलं." आम्ही भोळे सांब, विश्वास ठेवला.

ती मला हातानं घासायची, पिळायची आणि कॉलर नाकाशी नेऊन हुंगायची. वास आला तर पुन्हा बादलीत. वास जायचा. विष मात्र माझ्या धाग्याधाग्यात बिऱ्हाड करून बसलं होतं.

वर्षभरात तिचे हात थरथरू लागले. सुईत दोरा जाईना. चष्मा झाला, तो बदलून झाला, तरी दोरा जाईना. गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे वळली.

शेवटी दोघं दवाखान्यात गेले. मी त्याच्या अंगावरच होतो. डॉक्टरीणबाईंनी तिच्या रक्ताचा कागद पाहिला आणि विचारलं, "यांचे कपडे कोण धुतं?"

"मीच."

"हे बघा, शरीरात एक पेशी दुसरीला निरोप धाडते. पोचलेला निरोप पुसून टाकणारं एक द्रव्य असतं. हे विष त्या पुसणाऱ्यालाच जखडून टाकतं. मग निरोप संपतच नाही, हात थरथरत राहतात."

"बरी होईल ना ही?" त्यानं विचारलं.

"विषापासून लांब राहिल्या तर आशा आहे. आधी तो सदरा काढा."

"मीच शिवलाय तो," ती हळूच म्हणाली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला पिशवीत बांधून मुकादमाच्या टेबलावर ठेवलं. "पाण्यासारखं आहे म्हणाला होतात."

मुकादम खुर्चीसकट मागे सरकला. रुमाल नाकाला लावून म्हणाला, "ते आधी बाहेर ने. मी इथं डबा खातो."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून.

आता मी काचघराच्या पायरीवर पडून आहे. कापड अजून धडधाकट दिसतं, कुणालाही उचलावंसं वाटेल. उचलू नका. निदान मी तरी तुम्हाला खरं सांगतो.