थेंब न दिलेला उंदीर

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलावर दोन पांढरे उंदीर मागचे पाय फरफटत सरकत होते.

"कणा मोडलाय यांचा! डॉक्टरांनी हात टेकले," थेंबबाबा गरजले. एकाच्या पाठीवर हिरवे थेंब सोडून त्यांनी लांबलचक प्रवचन झोडलं. प्रवचन संपता संपता तो उंदीर तुरुतुरु धावला. लोकांनी हात जोडले. वहिनीने दादाची चाकाची खुर्ची पुढे दामटली.

दादा बांधकामावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला, त्याला दोन वर्षं झाली. मी प्रयोगशाळेत काम करते. उंदरांना भूल देऊन, यंत्राने एकाच जागी, एकाच जोराने, त्यांच्या मज्जारज्जूला इजा करायची, हे माझं काम. ठोका हलका बसला तर उंदीर आपोआप सुधारतो आणि श्रेय औषध लाटतं. म्हणून इजा सगळ्यांना सारखी. आणि निम्म्यांना औषध द्यायचंच नाही.

मी टेबलाशी जाऊन दुसरा उंदीर उचलला. माझ्या उंदरांना लघवीसुद्धा आपली आपण होत नाही, पोट दाबून काढावी लागते. याने माझा तळहात भिजवला. कमरेवरचे केस भादरलेले, मध्ये सुईचा ताजा टिपका.

"याला थेंब नकोत. नुसतं थांबू या."

"बाई, श्रद्धा नसेल तिथे गुण येत नाही!"

"उंदराची श्रद्धा कुणी तपासली?"

लोक हसले. बाबा पिशवी आवरू लागले. दहा मिनिटांत उंदीर माझ्या मनगटावर चढला, चारही पायांनी.

"बधिर करायचं इंजेक्शन होतं," मी ओरडून सांगितलं. "ते उतरलं. थेंबांचा काही संबंध नाही!"

मग मागून एक आजोबा म्हणाले, "बाईंच्या हातालाच गुण आहे!"

घरी जाताना दादाने विचारलं, "तुझे उंदीर चालतात?"

"सहा वर्षांत एकही पहिल्यासारखा चालला नाही."

"मग आजचा एक दिवस तरी राहू द्यायचास."



दुसऱ्या सकाळी आमच्या दारात चाकाच्या तीन खुर्च्या उभ्या होत्या. आता रोज कुणीतरी येतं. मी प्रत्येकाला सांगते, चमत्कार दिसला की एकच विचारा: ज्याला औषध दिलं नाही त्याचं काय झालं? ते शांतपणे ऐकतात, पटल्यासारखी मान डोलावतात.

"ते खरंच हो ताई," म्हणतात, "पण नुसता हात तरी लावा."